कर्णबधिर आहे, समुपदेशक होता येईल का?

प्रश्न: मी जन्मापासून कर्णबधिर आहे, सांकेतिक भाषा वापरते. मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कर्णबधिर मित्रमैत्रिणी रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल करून मन मोकळं करतात. मानसिक प्रथमोपचाराच्या कार्यशाळेत नाव नोंदवायला गेले, तर ‘दुभाषी तुमचा तुम्ही आणा’ असं सांगितलं. आई म्हणते, डेटा एंट्रीची नोकरी धर, लोकांशी बोलायचं काम तुला झेपणार नाही. काय करू?

उत्तर: होता येईल, नक्की येईल. आई ज्याला ‘लोकांशी बोलायचं काम’ म्हणते, ते तू आजही करतेच आहेस. फक्त प्रशिक्षणाशिवाय करते आहेस आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. म्हणून आधी कार्यशाळेबद्दल लिहिते.

मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू केला. आज तो अनेक देशांत चालतो. त्यात उपचार शिकवत नाहीत. खचलेल्या माणसाशी कसं बोलायचं, आत्महत्येचा विचार मनात येतो का हे न कचरता थेट कसं विचारायचं, पुढे कोणाच्या हाती सोपवायचं, एवढंच शिकवतात. तुला आत्ता नेमकं हेच हवं आहे.

दुभाषी आणायची जबाबदारी तुझी नाही, आयोजकांची आहे. पण दुभाषी उभा केला म्हणजे काम झालं, असंही नाही. ऐकू येणाऱ्यांसाठी आखलेल्या वर्गात प्रशिक्षक सहज म्हणून जातात, “डोळे मिटा आणि मी सांगते तसा श्वास घ्या.” डोळे मिटले की तुझ्यापुरता वर्ग तिथेच थांबला! स्लाइड बदलत असताना बोलणंही चालूच असतं. दुभाष्याकडे बघावं तर स्लाइड निसटते, स्लाइड वाचावी तर बोलणं. आणि जोड्या करून संवादाचा सराव सुरू झाला की एवढ्या जोड्यांना दुभाषी एकच. मग कर्णबधिर विद्यार्थी इतरांचा सराव बघत बसतो आणि ज्यासाठी आला तेच राहून जातं.

तेव्हा आयोजकांना नेमके प्रश्न विचार. आलटून-पालटून काम करायला दोन दुभाषी आहेत का? त्यांना साहित्य आधी मिळणार का? सराव दोन कर्णबधिरांमध्ये, सांकेतिक भाषेतच होईल का? सगळ्यात चांगलं म्हणजे कर्णबधिर प्रशिक्षकाने सांकेतिक भाषेतून घेतलेला वर्ग. तो जवळपास नसेल तर सात-आठ जण मिळून वेगळ्या तुकडीची मागणी करा. एकटीला नकार देणं सोपं असतं, गटाला तितकं नसतं.

तुझ्यासारखी माणसं या क्षेत्रात का हवीत, तेही सांगते. सांकेतिक भाषेत चेहऱ्यावरचे हावभाव हा व्याकरणाचा भाग असतो; ते ठाऊक नसलेल्या, मानसिक तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला समोरचा माणूस भडकलेला वाटू शकतो. लेखी प्रश्नावली हातात दिली, तर ती अनेकांच्या दुसऱ्या भाषेत असते. न समजताही मान हलते आणि तो ‘हो’ धरला जातो. आवरण्यासाठी रुग्णाचे हात धरून ठेवले, तर त्याचं बोलणंच बंद होतं. शिवाय बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात आणि कितीतरी घरांत सांकेतिक भाषा कोणालाच येत नाही. तुझा फोन रात्री वाजतो तो म्हणून.

प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रावर समुपदेशक म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी पदव्युत्तर मानसशास्त्र किंवा समाजकार्य, मग अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम आणि जिथे लागते तिथे नोंदणी. अमेरिकेतल्या, १८६४ साली सुरू झालेल्या, कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठात कर्णबधिर विद्यार्थी क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेटपर्यंत शिकतात. त्याच देशात ९८८ या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनवर २०२३ मध्ये सांकेतिक भाषेतली व्हिडिओ सेवा सुरू झाली. अशा सेवांना सांकेतिक भाषेत थेट बोलणारी माणसं लागतात, हे आईला जरूर दाखव. तिची धास्ती तुझ्या पोटापाण्याची आहे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिला असे रस्ते दाखवलेले बरे.

आता रात्रीच्या कॉलबद्दल, आणि हे मनावर घे. वेळ ठरव आणि ती सगळ्यांना सांग. कर्णबधिरांचं वर्तुळ लहान असतं, सगळे एकमेकांना ओळखतात. एकीची गोष्ट दुसरीपाशी गेली की पुढे कोणी तुझ्याकडे येणार नाही. मात्र जिवाचा धोका दिसला तर गुपित राखायचं नाही, हेही मैत्रिणींना आधीच सांगून ठेव. मेसेजवर किंवा व्हिडिओवर मदत देणाऱ्या सेवा आणि तुझ्या वतीने तातडीने फोन लावू शकेल अशी ऐकू येणारी एक विश्वासाची व्यक्ती, यांची यादी या आठवड्यातच करून फोनमध्ये ठेव. कार्यशाळेचं उत्तर यायला वेळ लागेल; या यादीसाठी थांबू नकोस.