शिबिराला गर्दी झाली, पण उपयोग झाला का?

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यात आमचं महिला मंडळ आहे. वर्षभर आठ-दहा गावांत गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कॅन्सरवर पथनाट्यं केली, आशाताईंबरोबर घरोघरी गेलो, तपासणी शिबिरं घेतली. आता पैसे देणारी संस्था म्हणतेय इम्पॅक्ट दाखवा, किती मृत्यू टळले ते सांगा. आमच्याकडे फोटो आणि सह्यांचं रजिस्टर आहे. रिपोर्टात काय लिहू?

उत्तर: ताई, मृत्यूंचा आकडा देऊच नका, कितीही मागितला तरी. तुमच्या शेजारीच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 पासून तपासणीने मृत्यू कमी होतात का हे बघणारा जो मोठा अभ्यास झाला त्यात 52 गावसमूह आणि सव्वा लाखाच्या वर बायका होत्या, आणि आठ वर्षं मागे लागल्यावर कुठे म्हणता आलं की एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी) केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. (तुलनेच्या गटाला तपासणीच दिली नाही म्हणून पुढे टीकाही झाली, तो वेगळा विषय.) तुमच्या एका वर्षात असलं काही दिसणार नाही. उलट तपासणी सुरू झाली की आधी पेशंट जास्तच सापडतात, घाबरू नका.

नुसत्या बोलण्याने काय होतं ते बार्शीत दिसलंय. तिथे 1987 ला ग्रामीण कॅन्सर नोंदणी, म्हणजे खेड्यांतल्या कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवायचं काम, सुरू झाली, तिची माणसं गावोगाव जाऊन लक्षणं सांगायची आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडायचं प्रमाण वाढलं. म्हणून ज्या बायकांना कॅन्सर निघाला त्या कुठल्या स्टेजला पोचल्या आणि पहिला त्रास झाल्यापासून किती दिवसांनी डॉक्टरकडे गेल्या, हे जरूर लिहा.

सह्यांच्या रजिस्टरवर फार जाऊ नका, त्यात एकच हौशी बाई तीनदा सापडते आणि जिला खरंच गरज ती खुरपायला गेलेली असते. आशाताईंच्या यादीतून 30 ते 65 वयाच्या सगळ्या बायका काढा, मग त्यातल्या किती तपासल्या, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड (पातळ व्हिनेगरसारखं) गर्भाशयमुखाला लावल्यावर संशयाचा पांढरा डाग किती जणींना दिसला, त्यातल्या पुढच्या तपासणीला किती पोचल्या, उपचार पूर्ण किती जणींचे झाले, असं एकाखाली एक लिहा. बहुतेक वेळा डाग दिसला आणि तालुक्याला जायचं होतं तिथेच गळती असते, एसटी नाही, नवरा नको म्हणाला, नाहीतर चिठ्ठीवर काय लिहिलंय तेच कुणी सांगितलं नाही. अशा प्रत्येकीच्या घरी जाऊन कारण विचारा, मला तर रिपोर्टातलं सगळ्यात कामाचं पान हेच वाटतं.

आणि तो "कार्यक्रम आवडला का" वाला फॉर्म फेकून द्या, आवडलाच म्हणतात सगळ्या, चहा प्यायलेल्या असतात ना. त्यापेक्षा विचारा, पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि परत अंगावरून रक्त जायला लागलं तर काय कराल? "उष्णता असेल" म्हणाली तर तुमचं नाटक पोचलं नाही. हाच प्रश्न अजून न गेलेल्या दोन गावांतही विचारा म्हणजे तुलना तरी होईल, सुरुवातीला विचारून ठेवलं असतं तर उत्तमच होतं पण ते आता पुढच्या गावांपासून करा. नावं मात्र रिपोर्टात अजिबात नकोत, फोटोसुद्धा परवानगी असेल तरच.