राय माल्टच्या बिअरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील गव्हाच्या बिअरवरील लेखात राय या धान्याचा ओझरता उल्लेख आला होता आणि सर्वाधिक पत्रे नेमकी त्या उल्लेखावरच आली. त्यांतील निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : राय म्हणजे नेमके कोणते धान्य? ते ‘माल्ट केलेले’ असते म्हणजे त्याचे काय करतात? (एक वाचक, नाशिक)

राय हे गहू आणि बार्ली यांच्या कुळातील धान्य असून त्याचा दाणा गव्हापेक्षा लांबट, सडपातळ आणि किंचित हिरवट-करडा असतो. कडक थंडी आणि हलकी, रेताड जमीन त्याला चालते, म्हणून जर्मनी, पोलंड, रशिया, फिनलंड या पट्ट्यात शतकानुशतके गरिबाची भाकरी म्हणजे रायची काळी रोटी असे. आपल्याकडे त्याचे पीक फारसे घेतले जात नसल्यामुळे हे धान्य आपल्या ओळखीचे नाही.

माल्ट करणे मात्र आपल्या ओळखीचे आहे. लहान मुलांसाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात, तेच येथे मोठ्या प्रमाणावर आणि मोजूनमापून केले जाते. मोड येताना दाण्यात विकरे (एन्झाइम) तयार होतात. पुढे कोमट पाण्यात हीच विकरे दाण्यातील पिठुळ भागाची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेपासून अल्कोहोल बनवते. बार्लीच्या दाण्याला घट्ट चिकटलेले तूस असते, रायला ते नसते. त्यामुळे राय पाणी झपाट्याने पिते, तिचा मोड उघड्यावर वाढतो आणि ढवळताना सहज मोडतो. माल्ट करणाऱ्याला ती जरा नाजूक हाताने हाताळावी लागते. हे नसलेले तूस पुढेही त्रास देते. त्याविषयी खाली न्यू जर्सीच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. येथे गव्हाची बिअर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, पण रायची क्वचितच दिसते. हा १५१६ च्या शुद्धता कायद्याचा परिणाम आहे का? (एक वाचक, म्युनिक)

बऱ्याच अंशी होय, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ दहावा लुडविग यांनी इंगोलश्टाट येथे जो आदेश काढला, त्यात बिअरसाठी बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणणारी वेलीची फुले) आणि पाणी एवढ्याच गोष्टी मान्य केल्या होत्या. त्या आदेशाचा बराचसा मजकूर बिअरच्या दरांविषयी आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. धान्यावरील बंधनामागे शुद्धतेच्या आग्रहाइतकीच भाकरीची चिंता होती असे मानले जाते. गहू आणि राय ही पोटाची धान्ये होती. ती बिअरच्या पिंपात गेली असती, तर बेकऱ्यांना महाग पडली असती.

गव्हाला लवकरच पळवाट मिळाली. सोळाव्या शतकात डेगेनबर्ग घराण्याला गव्हाची बिअर गाळण्याचा खास अधिकार मिळाला आणि १६०२ नंतर तो बव्हेरियाच्या राजघराण्याकडे येऊन त्याच्या उत्पन्नाचे भरभक्कम साधन झाला. रायला असा कोणी धनी भेटला नाही, म्हणून ती बिअरमधून जवळपास नाहीशी झाली. आज आपल्याला दिसणारे ‘रॉगनबिअर’, म्हणजे जर्मन राय बिअर, हे अखंड चालत आलेल्या परंपरेपेक्षा पुनरुज्जीवन अधिक आहे. रेगेन्सबुर्गजवळच्या शिअरलिंग गावी १९८८ साली ‘शिअरलिंगर रॉगन’ बाजारात आली आणि तेव्हापासून हा प्रकार पुन्हा चर्चेत आला. सध्याच्या जर्मन कायद्यानुसार वरच्या आंबवणीच्या, म्हणजे एल प्रकारच्या बिअरमध्ये बार्लीखेरीज अन्य धान्याचे माल्ट चालते, खालच्या आंबवणीच्या लागर प्रकारात चालत नाही. त्यामुळे जर्मन रॉगनबिअर एल प्रकारातच मोडते आणि तिच्यात बहुधा गव्हाच्या बिअरचेच यीस्ट वापरतात. केळे आणि लवंगेचा जो वास आपण तेथील वाइसबिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्या बिअरमध्ये, ओळखता, तोच येथेही येईल, फक्त त्याखाली काळ्या रोटीच्या कडेची, थोडी मातकट चव असेल. या प्रकारात राय माल्ट निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, कडवटपणा जेमतेम असतो आणि अल्कोहोल साधारण साडेचार ते सहा टक्के असते. म्युनिकमध्ये शोधत बसण्यापेक्षा रेगेन्सबुर्गच्या बाजूला एखादा शनिवार काढावा, असे मी सुचवेन.

प्रश्न : अमेरिकेच्या प्रवासात मी ‘राय आयपीए’ (आयपीए म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली इंडिया पेल एल) घेतली. रायमुळे बिअर मसालेदार लागते असे वाचले होते. मला मात्र हॉप्सच्या कडवटपणाखेरीज काही जाणवले नाही. माझी जीभ कमी पडली की वर्णनच चुकीचे आहे? शिवाय तिचा लाल रंग रायमुळे येतो का? (एक वाचिका, ठाणे)

आपल्या जिभेचा दोष नाही. रायच्या चवीविषयी जे लिहिले जाते, त्यातील बरेचसे एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिलेले असते. राय माल्टचे चार दाणे चावून पाहिले तर प्रथम रोटीसारखी गोडी लागते, मग किंचित तिखटसर, मिऱ्याच्या जवळ जाणारा कोरडेपणा घशाशी राहतो. तो नक्कीच आहे, पण हळुवार आहे. ज्यांच्या तोंडी रायची रोटी लहानपणापासून आहे, त्यांना राय म्हटले की शहाजिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे आठवतात, कारण तिकडच्या अनेक रोट्यांत ते घातलेले असतात. बिअर पिताना ती आठवणही नकळत चवीत मिसळत असावी, असा माझा अंदाज आहे. गरम मसाल्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला त्या वर्णनावरून भलतीच अपेक्षा ठेवावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

माझ्या मते राय ओळखायची ती चवीपेक्षा तोंडातील जडपणावरून. रायमधील डिंकासारखे पदार्थ बिअरमध्ये उतरतात आणि तिला एक गुळगुळीत, जवळजवळ तेलकट म्हणावा असा पोत देतात. फेसही दाट येतो आणि बराच वेळ टिकतो. त्यामुळे एरवी बोचरा वाटणारा हॉप्सचा कडवटपणा या पोतावर बसल्यावर गोलाईदार होतो. अमेरिकी ब्रुअरना रायचे आकर्षण वाटले ते मुख्यतः यासाठी. जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे २००२ साली सुरू झालेल्या टेरापिन या ब्रुअरीने आपली पहिली बिअर म्हणून राय पेल एलच काढली आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये अमेरिकन पेल एल गटाचे सुवर्णपदक मिळवले. सर्वसाधारण गटात हे पदक मिळाले, म्हणून त्याचे महत्त्व अधिक. कॅलिफोर्नियाच्या बेअर रिपब्लिकची ‘हॉप रॉड राय’ आणि मिशिगनच्या फाउंडर्सची ‘रेड्स राय’ यांनी पुढे हा प्रकार घट्ट रुजवला. या बिअरमध्ये राय साधारण दहा ते वीस टक्के असते. एवढ्या प्रमाणात ती पुढे येऊन बोलत नाही, हॉप्सला आधार देते. आपण प्यालेली बिअर बहुधा अशीच असावी.

पुन्हा संधी मिळाली तर एकाच ब्रुअरीची साधी पेल एल आणि राय पेल एल शेजारी ठेवून घ्या, दोन्ही फार गार नकोत, आठ-दहा अंश सेल्सिअसला असू द्या. पहिल्या घोटाची चव शोधू नका. घोट गिळल्यानंतर जिभेवर काय उरते ते पाहा. फरक तेथे कळेल.

रंगाविषयी सांगायचे तर साधे राय माल्ट फिकटच असते. लाली येते ती सोबत घातलेल्या कॅरॅमल माल्टमुळे. राय भाजूनही वापरतात, तेव्हा रंग चॉकलेटी किंवा काळा होतो.

प्रश्न : मी घरी बिअर बनवतो. वीस लिटरच्या घाण्यात निम्मे राय माल्ट घातले आणि गाळताना सगळे अडकून बसले. दोन तासांत दोन लिटर वर्टही (माल्टमधून गाळून निघणारा गोड रस) निघाला नाही. काय चुकले? (एक वाचक, न्यू जर्सी)

आपल्या हातून वेगळे असे काही चुकले नाही, राय असेच वागते. बार्लीचे तूस मॅशमध्ये, म्हणजे कोमट पाण्यात कालवलेल्या दळलेल्या माल्टमध्ये, गाळणीचे काम करते आणि रायला तूस नसते, हे वर आलेच आहे. त्यात भर म्हणजे रायमध्ये अरॅबिनोझायलन आणि बीटा-ग्लुकन ही पाणी धरून ठेवणारी द्रव्ये भरपूर असतात. दोन्हींमुळे मॅश लापशीसारखा होतो. पळी फिरवली की ती मागे खेचल्यासारखी वाटते आणि काढताना तिच्यावरून तार ओघळते. एवढे दिसले की पुढे काय होणार ते समजावे.

उपाय एकच नाही, पण सर्वांत खात्रीचा उपाय भाताचे तूस हा आहे. ब्रूइंगच्या दुकानात ते स्वच्छ केलेले मिळते. वीस लिटरच्या घाण्याला पाव ते अर्धा किलो पुरते. आधी धुऊन घ्यावे, नाहीतर कोरडे तूस आपला वर्ट पिऊन बसते. ते चवीत काही भर घालत नाही. दुसरे म्हणजे, मॅश प्रथम चाळीस ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. या तापमानाला बीटा-ग्लुकन तोडणारे विकर काम करते. गव्हाच्या बिअरचे यीस्ट वापरणार असाल तर याच टप्प्यावर लवंगेच्या वासाला लागणारे फेरुलिक आम्लही मोकळे होते, म्हणजे एका थांब्यात दोन कामे होतात. मात्र या थांब्याने अरॅबिनोझायलनचा पुरता निकाल लागत नाही, आणि रायच्या बाबतीत खरा अडथळा तेच असते. म्हणून केवळ थांब्यावर विसंबून तूस वगळू नये. पुढे साखर होण्यासाठी सहासष्ट-सदुसष्ट अंशांवर तासभर ठेवून शेवटी तापमान पंचाहत्तरच्या वर न्यावे. गरम वर्ट पातळ वाहतो. गाळायला सुरुवात करताना नळ अगदी थोडा उघडावा. घाईने ओढ दिली की धान्याचा थर खाली दाबला जाऊन घट्ट बसतो आणि मग तो ढवळून पुन्हा बसवण्याखेरीज इलाज राहत नाही.

दळण्याकडेही लक्ष द्यावे. रायचा दाणा बार्लीपेक्षा बारीक असल्याने बार्लीसाठी लावलेल्या चक्कीतून तो बऱ्याचदा अख्खाच निसटतो. राय वेगळी दळून रुळांतील फट थोडी कमी करावी. फ्लेक केलेली राय, म्हणजे माल्ट न करता वाफवून चेपलेली, वापरत असाल तर चिकटपणा आणखी वाढतो, शिवाय तिच्यात विकरे नसतात. पुढच्या वेळी पाच किलो धान्यात एक किलो राय माल्ट एवढेच प्रमाण ठेवून पाहा. निम्म्यावर नंतर जाता येईल.

प्रश्न : पुण्यात घरच्या घरी अशी बिअर करता येईल का? (एक वाचक, पुणे)

नाही. अमेरिकेत १९७९ पासून फेडरल कायद्याने प्रौढ व्यक्तीला स्वतःपुरती वर्षाला शंभर गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला दोनशे गॅलनपर्यंत बिअर करता येते, म्हणून वरचा प्रश्न तेथून आला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते घरी पिण्यापुरते का असेना. आपल्या शहरात २००९ साली डूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरींची चांगली परंपरा तयार झाली आहे. त्यांच्या नळावरील यादी सतत बदलत असते, तेव्हा राय आहे का हे जाऊन विचारावे, आणि ब्रुअर मोकळा असेल तर ती किती टक्के घातली आहे हेही विचारावे.

प्रश्न : एका बाटलीवर ‘राय’ लिहिले होते, पण चव व्हॅनिला आणि लाकडासारखी लागली. ही फसवणूक आहे का? (एक वाचक, बंगळुरू)

ती बहुधा राय व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली बिअर असावी. अमेरिकी राय व्हिस्कीसाठी धान्यात किमान ५१ टक्के राय आणि आतून जाळलेले नवे ओकचे पिंप सक्तीचे असते. व्हॅनिला आणि लाकूड त्या पिंपातून येते. अशा बिअरमध्ये राय माल्टचा एक दाणाही नसू शकतो. लेबल पूर्ण वाचावे.

प्रश्न : उन्हाळ्यात फिनलंडला जाणार आहे. तेथील साहती या पारंपरिक बिअरमध्ये राय असते असे ऐकले. ती कोठे आणि कशी प्यावी? (एक वाचिका, मुंबई)

रायच्या बिअरपैकी मला सर्वांत रस वाटतो तो साहतीत. मुख्य धान्य बार्लीचे माल्ट असले तरी त्याला गडद राय माल्टची जोड असते. मॅश गाळण्यासाठी परंपरेने कूर्ना, म्हणजे ॲस्पेन झाडाचा ओंडका कोरून केलेली लांब पन्हळ वापरतात आणि तिच्या तळाशी जुनिपर या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या अंथरतात. न्यू जर्सीच्या वाचकाला जे काम भाताचे तूस करून देईल, तेच फिनलंडच्या खेड्यांत या डहाळ्या करत आल्या आहेत, आणि वर आपला वासही देतात. वर्ट बहुधा उकळत नाहीत, हॉप्स नावापुरते किंवा मुळीच नसतात आणि आंबवणीला बेकरीचे यीस्ट घालतात. त्यामुळे बिअर गढूळ, दाट, गोडसर आणि पिकल्या केळ्याच्या वासाची होते. अल्कोहोल सात-आठ टक्के सहज असते, काही ठिकाणी त्याहून अधिक. फेस जवळपास नसतो, आणि ते बिघडल्याचे लक्षण नव्हे.

न उकळल्यामुळे ती टिकत नाही, आणि म्हणूनच तिची निर्यात फारशी होत नाही. २००२ पासून युरोपीय संघात साहतीला पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण आहे. हेलसिंकीच्या उत्तरेला लाम्मीच्या परिसरात ती परंपरा अजून जागती आहे आणि गावातील लग्नकार्याला ती लागतेच. विकत घेतल्यास सतत थंड ठेवावी आणि लवकर संपवावी. आंबट वास येऊ लागला असेल तर घेऊ नये.

प्रश्न : मटणाच्या रश्श्यासोबत राय बिअर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

राय आयपीए नको. हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी धार आणतो. रॉगनबिअरच्या धर्तीची, कमी कडवट आणि दाट बिअर तांबड्या रश्श्यापुढे बरी उभी राहते. राय पेल एल मला भाजलेल्या मांसाबरोबर किंवा खरपूस थालीपिठाबरोबर आवडते.

प्रश्न : मला गव्हाची ॲलर्जी नसून सीलिॲक आजार आहे. गव्हाऐवजी रायची बिअर घेता येईल का? (एक वाचिका, नागपूर)

नाही. गहू, बार्ली आणि राय या तिन्हींतील ग्लुटेन हे प्रथिन या आजारात वर्ज्य आहे, आणि रायच्या बहुतेक बिअरमध्ये बार्लीही असतेच. प्रमाण थोडे असले तरी चालेल असे समजू नये. ज्वारी, नाचणी किंवा तांदूळ यांपासून केलेल्या बिअरवर ‘ग्लुटेन-फ्री’ असा स्पष्ट उल्लेख असेल, तरच आपल्या डॉक्टरांशी बोलून विचार करावा.