आधी पाठ पाहा

प्रश्न : मी लीड्सला राहते. शेजारच्या आजी घर सोडताना मला एक जुना फायरस्क्रीन, म्हणजे शेकोटीची आच अडवणारा पडदा, देऊन गेल्या. तीन पायांवर उंच दांडा, दांड्यावर वरखाली सरकणारी चौकट, काचेआड लोकरीच्या भरतकामातला पोपट आणि गुलाबांचा गुच्छ. रंग मळकट, पिवळट झालेत. हा किती जुना असेल? लोकरीच्या कपड्यांच्या साबणानं धुऊ का? मैत्रीण म्हणते, बायकांच्या तोंडावरचं मेणाचं प्रसाधन आगीनं वितळू नये म्हणून असे पडदे असत. खरं का? आणि आमच्या लाकूड जाळायच्या स्टोव्हपुढे तो ठेवला तर चालेल का?

उत्तर : साबणाची बाटली आधी खाली ठेवा. बाकीचं मग बोलू.

हे इतक्या ठासून सांगते, कारण माझ्या हातून एक पोपट गेला आहे. शिकाऊ होते तेव्हा असाच एक तुकडा कोमट पाण्यात बुडवला. दोन मिनिटांत छातीचा लाल रंग शेजारच्या सायीसारख्या पांढऱ्या लोकरीत उतरला, तो उतरलाच. वर कॅनव्हासची खळ सुटली आणि टाके सगळे एकाच बाजूला तिरपे असल्यामुळे चौकोन वाळता वाळता वाकडा झाला. तो अजून माझ्या कपाटात आहे. कुणी धुण्याची गोष्ट काढली की बाहेर काढून दाखवते.

शिवाय तुम्हाला जो मळ वाटतोय, त्यातला बराचसा मळ नसणारच. तो उडालेला रंग आहे, आणि उडालेला रंग धुऊन परत येत नाही.

तो मुळात कसा होता हे बघायचं तर पाठ पाहायची. मऊ टॉवेलवर चौकट पालथी ठेवा. मागे कागद किंवा कापड असेल तर फाडू नका, त्यावर कधी कधी विकणाऱ्याची चिठ्ठी असते. बारीक चुका (छोटे खिळे) एकेक करून सैल करा. गंजून बसल्या असतील किंवा कापड काचेला चिकटलं असेल, तर तिथेच थांबा आणि कापडाची डागडुजी करणारा जाणकार गाठा. ब्रिटनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कॉन्झर्व्हेशन’कडे अशा लोकांची नोंदवही आहे.

पहिल्यांदा पाठ उघडते तेव्हा माणसं गप्पच होतात. समोर राखाडी दिसणारी पाकळी मागे भडक जांभळी असते, पिवळट पान हिरवंगार असतं. आणि ‘किती जुना’ या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. वर्णनावरून हे ‘बर्लिन वूलवर्क’ वाटतं. चौकटीच्या कागदावर हातानं रंगवलेले नमुने बर्लिनहून यायचे, त्यातला एक चौकोन म्हणजे एक टाका. मोजायचं आणि भरायचं, आपण दुसुतीवर भरतो तसंच. 1831 मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या विल्क्स नावाच्या दुकानदारानं हे नमुने आणि लोकर मोठ्या प्रमाणावर मागवायला सुरुवात केली आणि मग इंग्लंडभर घरोघरी पोपट बसले. पुढे 1856 मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी क्विनाइन हे हिवतापाचं औषध बनवायला गेला आणि हाती कृत्रिम जांभळा रंग लागला. 1859 मध्ये मॅजेंटा, म्हणजे कृत्रिम राणी रंग, आला. म्हणजे पाठीवर डोळ्यांत खुपणारा जांभळा किंवा राणी रंग दिसला, तर तुमचा पोपट बहुधा त्या वर्षांनंतरचा. नुसते मवाळ रंग दिसले म्हणून मात्र तो आधीचाच असं म्हणू नका. नव्या रंगांच्या काळातही जुने रंग वापरात होतेच.

चौकटीचं वय वेगळं मोजा. एकाच्या लाकडात दुसऱ्याचं भरतकाम बसवलेलं सर्रास आढळतं. कापडाच्या कडेला चुकांच्या भोकांच्या दोन ओळी असतील, तर ते आधी दुसऱ्या चौकटीत नांदून आलंय.

पोपटाचा डोळा आणि काळी-तपकिरी बाह्यरेषा गळून उघडा कॅनव्हास दिसतोय का? कसरीवर (लोकर खाणाऱ्या किडीवर) लगेच आळ घेऊ नका. त्या रंगांत लोह असायचं आणि ते लोकर आतून कुजवतं. कसर असेल तर रंग न बघता खाते, आणि मागे जाळ्या व बारीक रवाळ विष्ठा सापडते. जिवंत अळी दिसली तर फक्त कापड (लाकूड, काच नाही) पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरेल. वरची धूळ काढायची असेल तर नायलॉनची जाळी आडवी धरा आणि व्हॅक्युम क्लीनर अगदी मंद चालवा. परत बसवताना काच लोकरीला टेकू देऊ नका, मध्ये काही मिलिमीटरची पट्टी घाला.

मेणाची गोष्ट मीही शंभरदा ऐकली आहे. तिला भक्कम पुरावा मला कुठे भेटलेला नाही, आणि तुमच्या पोपटाच्या काळात तर ती बसतच नाही: व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये घरंदाज बाईनं तोंड रंगवणं शिष्टसंमत नव्हतं. खरं कारण साधं आहे. कोळशाच्या उघड्या आगीसमोर बसलं की गाल भाजतो आणि पाठ गारठते. चौकट आपल्या तोंडाच्या उंचीला सरकवायची, पाय मात्र शेकत ठेवायचे. म्हणून तो दांडा.

स्टोव्हपुढे नको. हा ठिणग्या अडवणारा जाळीचा फायरगार्ड नव्हे, आणि दीडशे वर्षांची लोकर रोज तापवून कोरडी करण्यात अर्थ नाही. स्टोव्ह बंद असतो त्या महिन्यांत त्याच्यापुढे ठेवा. रिकामी शेगडी झाकायला पूर्वीही असे पडदे ठेवतच. फक्त त्या जागी ऊन येत असेल, तर जिन्याखालचा अंधारा कोपरा बरा.