गाडी अडकली की खाली कोण उतरतं?

मागच्या अंकात मी विंचच्या स्पर्धांबद्दल लिहिलं होतं. गाडी मुद्दाम अशा ओढ्यात, घळीत, कातळाच्या उतारावर घालायची की चाकांचं काही चालत नाही. मग बंपरवरच्या विंचचा, म्हणजे मोटरने फिरून दोर गुंडाळणाऱ्या ड्रमचा, दोर झाडाला बांधून गाडीने स्वतःलाच ओढून बाहेर काढायचं, आणि हे सगळं घड्याळ लावून. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

ताई, माझे मिस्टर आणि त्यांचे मित्र मिळून जुनी जिप्सी स्पर्धेसाठी तयार करत होते. मित्राची बदली झाली. आता मिस्टर म्हणतात, को-ड्रायव्हर म्हणून तूच चल. माझं वय 34, वजन 52 किलो. गाडीतलं मला काही कळत नाही. हे काम बाईमाणसाला झेपतं का? – एक वाचक, सातारा

झेपतं, आणि चांगलं झेपतं. मी सहा पावसाळे हेच काम केलं. कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान मी चालवते, म्हणून वायरिंग येत होतं. दोर, झाड, चिखल यातलं मात्र काही म्हणजे काही येत नव्हतं. ते सगळं करता करता शिकले.

आधी ताकदीचा प्रश्न मनातून काढून टाका. ओढायचं काम विंच करतो. 8,000 पौंडांचा विंच म्हणजे साधारण 3,600 किलोंची ओढ. त्यापुढे तुमचे 52 किलो काय आणि एखाद्या पैलवानाचे 90 किलो काय, सारखेच. तुमचं काम नजरेचं आणि पायांचं आहे. गाडी चढावर अडकली की ड्रायव्हर पट्ट्यात आवळलेला असतो, त्याला समोर बॉनेट आणि वर आभाळ दिसतं. चाकाखाली दगड कसा बसलाय, दोर कुठे घासेल, कुठलं झाड धरेल आणि कुठलं उपटून येईल, हे फक्त खाली उतरलेल्या माणसाला दिसतं. स्पर्धा तोच जिंकून देतो. बक्षीस घेताना फोटो ड्रायव्हरचा निघतो, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. उतरायचं, विंचचा क्लच मोकळा करायचा, म्हणजे ड्रम पतंगाच्या फिरकीसारखा सुटा फिरतो. एका हातात दोराचं टोक, खांद्यावर झाडाचा पट्टा, कमरेला शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी लोखंडी कडी, आणि पुली. चढ असेल तर हातापायांवर जायचं. पट्टा बुंध्याला अगदी जमिनीलगत घालायचा, त्याचे दोन्ही कान शॅकलमध्ये घ्यायचे, पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे फिरवायची, नाहीतर ताण पडल्यावर ती चिखलात उघडता उघडत नाही. दोर अडकवला की बाजूला व्हायचं आणि मगच हात वर करायचा, म्हणजे ड्रायव्हरने ओढायला सुरुवात करायची. दोर ताणात असताना तो ओलांडायचा नाही. तो कितीही सैल दिसू दे, ओलांडायचा नाही.

आता माझी चूक सांगते. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात चंदगड तालुक्यात एक छोटी स्पर्धा होती. गाडी भाऊ चालवत होता. घळीतून वर येताना हाताशी एक काजूचं झाड होतं, घेर मोठा, बुंधा मांडीएवढा. मी पट्टा छातीच्या उंचीवर टाकला, कारण खाली वाकलं की पाय घसरत होते. विंच सुरू झाला, गाडी दोन हात वर आली, आणि मला पायाखालची माती हलल्यासारखी वाटली. बुंध्याच्या मागे जमिनीला बोटभर भेग पडली. भेगेत तांबडं पाणी चढत आलं. मुळ्या तटातट तुटल्याचा आवाज मोटरच्या घरघरीतूनही ऐकू आला. मी मूठ वर केली, म्हणजे थांब. भावाने ती बघितली, पण अजून फूटभर येईल म्हणून बटण दाबूनच ठेवलं. झाड कललं, दोर ढिला पडला आणि गाडी मागे घसरत जाऊन घळीच्या तळाशी कलंडली. भावाचा खांदा निखळला.

संध्याकाळी त्या बागेचे मालक, सत्तरीचे आजोबा, मला झाडापाशी घेऊन गेले. उघड्या पडलेल्या मुळ्यांत काठी घालून त्यांनी दाखवलं: माती जेमतेम दीड हात, खाली सरळ जांभा. मुळं आडवी पसरली होती, खोल गेलीच नव्हती. पट्टा जेवढा वर, तेवढी मुळांवर पहारीसारखी तरफ बसते, हेही मला त्या दिवशीच कळलं. झाडाची भरपाई त्यांनी घेतली नाही. पुढच्या जूनमध्ये आम्ही त्या जागी पाच कलमं लावून आलो.

तेव्हापासून आमचा एकच नियम होता. झाड मी निवडणार, बटण त्याच्याकडे, पण मूठ वर गेली की बटणही माझं. हे मिस्टरांशी आजच बोलून घ्या. नवराबायकोच्या गाडीत हे बोलणं मैदानावर करू नये.

सराव पटांगणावरच सुरू करा. पट्टा, शॅकल, दोर, बाजूला, हात वर, हे शंभर वेळा करा, पन्नास कोरड्यात आणि पन्नास हातमोजे भिजवून. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवा, ओढणी नको, केस घट्ट बांधा. गमबूट घालू नका, त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही. घोट्यापर्यंतचे, तळाला खोल खाचा असलेले बूट घ्या.

ताई, मी यंत्रमाग कारखान्यात फिटर आहे, वय 21. आमच्या एमएम 540 जीपला 8,000 पौंडांचा विंच लावलाय. बॅटरी नवी आहे. पण दोनदा ओढलं की विंच मंद होतो, तिसऱ्यांदा नुसती टकटक. मोटर बदलू का? – इचलकरंजी

मोटर बदलू नकोस, आधी मल्टिमीटर काढ. पूर्ण भारावर असा विंच 400 अँपिअरच्या आसपास खेचतो. जुन्या जीपच्या अल्टरनेटरने 50 दिले तरी पुष्कळ. उरलेले 350 बॅटरीतून जातात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 6 अँपिअर-तास. 60 ची बॅटरी असेल तर एका मिनिटात तिचा दहावा हिस्सा गेला. म्हणून सलग ओढत बसायचं नाही. थोडं ओढायचं, थांबायचं, इंजिनचे फेरे वाढवलेले ठेवायचे, बॅटरीला आणि मोटरला दम घेऊ द्यायचा.

पण नव्या बॅटरीवर तिसऱ्यांदाच टकटक होते म्हणजे मला संशय अर्थिंगचा, बॅटरीकडे परतणाऱ्या काळ्या केबलचा आहे. दुकानात येणाऱ्या अशा गाड्यांत बहुतेक वेळा तोच दोष निघतो. विंच बसवणाऱ्याने जाड तांबडी केबल बॅटरीपासून ओढलेली असते आणि काळी मात्र चेसिसला, रंगावरच, बोल्टखाली दाबून दिलेली असते. विंच ओढत असताना मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी विंचच्या मोटरच्या बॉडीवर ठेव. अर्धा व्होल्टच्या आत दिसायला हवं. दोन व्होल्ट दिसले तर गणित कर: 400 अँपिअर गुणिले 2 व्होल्ट, 800 वॉट त्या एका सांध्यात जळतायत. हात लावलास तर चटका बसेल. सोलेनॉइडची, म्हणजे विंचला करंट जोडणाऱ्या स्विचची, टकटकही त्याचमुळे, व्होल्टेज पडलं की त्याला पकड ठेवता येत नाही. काळी केबल तांबडीइतकीच जाड घे आणि थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ने. केबलच्या टोकाचं थिंबल नुसतं हातोडीने चेपू नकोस, क्रिंपिंगच्या पान्याने नीट दाबून घे, वरून ग्रीस लाव. मधे बॅटरी तोडणारा मोठा स्विच हाताच्या अंतरावर बसव, सोलेनॉइड चिकटला तर विंच थांबवायला दुसरं काही नसतं.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो. इथले सहकारी लँड रोव्हर घेऊन रविवारी ‘पंच’ची स्पर्धा खेळतात आणि मला विंचवर बोलावतात. गोव्यातली आणि ही स्पर्धा एकच का?

खेळ एकच, मांडणी वेगळी. तिकडे रानात किंवा जुन्या खाणीत अवघड जागी तिकीट टोचायच्या चिमट्यासारखे पंच टांगलेले असतात आणि तुमचं कार्ड गाडीला आखूड दोरीने बांधलेलं असतं. त्यामुळे पळत जाऊन टोचून येता येत नाही, गाडीच पंचापर्यंत न्यावी लागते. कुठला पंच आधी, कुठला सोडून द्यायचा, हे ठरवणं महत्त्वाचं. गोव्यात 2014 पासून होणारी स्पर्धा मलेशियाच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली आवृत्ती आहे. मूळची 1997 मध्ये लुईस वी यांनी सुरू केली, तिथल्या पावसात. तिच्यात आखून दिलेले टप्पे ठरलेल्या वेळेत पार करायचे असतात, एकामागून एक, दिवसच्या दिवस. रविवारच्या स्पर्धेपासून सुरुवात करणं केव्हाही चांगलं. अवश्य जा.

जिप्सी घेतली आहे, हाताशी पैसे मर्यादित. पहिला खर्च कशावर? मोठा विंच घ्यावा का? दोर स्टीलचा की सिंथेटिक? आणि आरटीओचं काय? – चिपळूण

शेवटच्यापासून सुरू करते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, आणि त्यावर जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीने जशी गाडी दिली त्याच्याशी विसंगत बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, पुढे विंचचा बंपर, हे सगळं त्यात येतं. म्हणून स्पर्धेची गाडी ट्रकवर घालून न्यायची आणि ट्रकवर घालून आणायची. ते भाडं पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

पैसे आधी टायरवर आणि चेसिसला नीट बसवलेल्या ओढायच्या हुकांवर घाला. विंच त्यानंतर. जिप्सीचं स्वतःचं वजन टनाच्या आत-बाहेर, माणसं, अवजारं, लोखंड धरून दीड टनापर्यंत जाईल. विंच गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट असावा, म्हणजे 8,000 पौंड तुम्हाला पुरून उरतो. लिहिलेली ताकद मात्र ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोराचे थर चढत जातात तशी ती घटते, वरच्या थरावर तिसरा हिस्सा किंवा जास्तही जातो. त्यासाठी मोठा विंच नको, एक चांगली पुली घ्या. दोर झाडाच्या पुलीतून फिरवून परत गाडीला अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. पण तेव्हा झाडावरही दुप्पट ताण येतो. पट्टा आणि शॅकल दोराइतकं असून भागत नाही, त्याहून दणकट हवं.

दोर सिंथेटिक घ्या. स्टीलचा तुटला की त्यात साठलेला जोर माणसावर येतो. सिंथेटिक तुटला तरी त्या मानाने फार हलका फटका देतो, पाण्यावर तरंगतो, आणि तेवढ्याच ताकदीला वजन साधारण सातवा हिस्सा. चढावर तो घेऊन पळणाऱ्या माणसाला विचारा, हा फरक केवढा ते. उष्णता त्याला सोसत नाही, 70 अंशांच्या पुढे कमजोर पडू लागतो. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, आणि भार असताना विंचने दोर सोडत राहिलात तर ड्रम तापून आतला थर खराब होतो. प्रत्येक स्पर्धेनंतर दोर पूर्ण उलगडून बादलीत धुवा. तांबड्या मातीचे कण आत शिरून धागे कापतात. ड्रमवर दहा वेढे कायम राहू द्या.

आमच्या वाडीजवळ दरवर्षी या गाड्या येतात. ओढा गढूळ होतो, झाडांच्या साली सोलल्या जातात. तुम्ही याला खेळ म्हणता? – सावंतवाडी

तुमचा राग योग्य आहे. साल सोललेलं झाड मीही बघितलंय, आणि ते काम स्टीलचा दोर थेट बुंध्याला गुंडाळणाऱ्यांचं असतं. सालीच्या लगेच आतून झाडाचं अन्न खाली जातं. साल चहूबाजूंनी कापली गेली की झाड मरतं, लगेच नाही, वर्षा-दोन वर्षांत, तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. पट्टा कमीत कमी 75 मिलिमीटर रुंद हवा, एकाच झाडाला दिवसभर ओढू नये, ओढा फक्त आखलेल्या जागी आडवा ओलांडावा, त्यातून उभी गाडी चालवू नये. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसात गाडी घालणारा तर माझ्या दृष्टीने खेळाडूच नाही. त्या पातळ मातीत जुलै-ऑगस्टमध्ये जे उगवतं ते एका चाकाखाली जातं. चाकोऱ्या त्याच संध्याकाळी फावड्याने बुजवायच्या असतात, नाहीतर पुढच्या सरीला त्यांचे ओघळ होतात.

पुढच्या वेळी आयोजक आले की जागामालकाचं लेखी संमतीपत्र मागा, जागा वनखात्याची असेल तर त्यांचा परवाना मागा, आणि स्पर्धेच्या आधी झाडांचे, ओढ्याचे फोटो काढून ग्रामपंचायतीत द्या. नीट स्पर्धा घेणारा माणूस ही कागदपत्रं आनंदाने देईल. न देणाऱ्याला वाडीत शिरू देऊ नका, आणि गरज पडली तर मला कळवा, मी येऊन तुमच्या बाजूने बोलेन.