जुनी जपानी गाडी घेताय? रंगावर जाऊ नका

मागच्या अंकात जुन्या जपानी मोटारसायकलींवर दोन पानं दिली होती, तेव्हापासून बीड, लातूर, परभणी, नांदेड सगळीकडून प्रश्न येतायत. सगळे इथं बसणार नाहीत, जास्त जणांच्या कामाचे निवडलेत.

प्रश्न: दादा, मला यामाहाची आरएक्स 100 घ्यायचीय. शेजारच्या गावात एक भेटलीय, 1994 चं मॉडेल, काळा रंग एकदम नवा, क्रोम चमकतंय. मालक एक लाख दहा हजार म्हणतोय. कागद आहेत म्हणतो पण पासिंग संपलंय आणि आरसीवर नाव तिसऱ्याच माणसाचं आहे. गाडीवर लई जीव आलाय. घेऊ का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर: भाऊ, जीव येण्यासारखीच गाडी आहे ती. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळं थ्रॉटल उघडला की लगेच उचलते, आजच्या शंभर सीसीच्या गाडीत ते नाही. पण 1985 ला आलेली ही गाडी 1996 ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात शेवटची आरएक्स सुद्धा आता तिशीत आहे, आणि तिशीतल्या गाडीला कोरा रंग असला की तो विकण्यासाठी मारलाय असंच धरून चालायचं.

आधी कागद. आरसी पंधरा वर्षांची असते, नंतर आरटीओत गाडी नेऊन दाखवून, ग्रीन टॅक्स भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तुमच्या गाडीचं ते झालेलं नाही, म्हणजे आज ती रस्त्यावर चालवायचीच सोय नाही. आणि विकणारा एक, आरसीवर दुसराच. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म 29 आणि 30 वर आरसीवरच्या माणसाची सही लागते, विकणाऱ्याची नाही. तो माणूस हयात आहे का, कुठं राहतो, सही द्यायला येईल का, हे कळल्याशिवाय इसार म्हणून पाचशे रुपये सुद्धा देऊ नका. एजंट म्हणेल "सही आपण करून घेऊ", तिथून सरळ उठून या, खोटी सही म्हणजे उद्या पोलीस केस, आणि त्यात गाडी ज्याच्या ताब्यात तोच अडकतो. आरसीवर एखाद्या बँकेचा नाहीतर पतसंस्थेचा बोजा चढलेला आहे का तेही बघा. आपल्या भागात त्या काळात कितीतरी गाड्या पतसंस्थेच्या कर्जावर निघाल्या, कर्ज फिटलं पण बोजा कुणी उतरवलाच नाही, आणि संस्था बंद पडली असली तर बोजा उतरवायच्या फॉर्म 35 वर सही-शिक्का आणायचा कुठून? एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की यातलं बरंचसं घरबसल्या दिसतं, जुन्या गाडीची नोंदच ऑनलाइन दिसत नसेल तर तोही विषय आधी आरटीओत विचारून घ्या.

मग चॅसी नंबर. हँडलच्या नेकवर पंच केलेला असतो. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. ते आरसीशी जुळायला पाहिजेतच, पण अक्षरांकडं पण बघा, सगळी एका ओळीत, सारख्या खोलीची पाहिजेत. एखादा आकडा वाकडा, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरनं घासल्यासारखा आणि वर जाड रंग, असं दिसलं तर गाडी कितीही चांगली चालू दे, सोडायची. इंजिन नंबर आरएक्स 100 चा 1एल1 नं सुरू होतो. आरएक्स 135 चं इंजिन बसवलेल्या पुष्कळ फिरतायत, चालायला जोरात असतात, पण आरसीशी नंबर जुळत नाही आणि नूतनीकरणाला तिथंच गाडी अडते.

इंजिन बघायला सकाळी जा, न सांगता गेलात तर आणखी चांगलं. गेल्या गेल्या सिलिंडरच्या फिनला हात लावा. गरम लागली तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी गाडी चालू करून ठेवलीय, मग चहा घ्या, थंड होऊ द्या. थंड इंजिन चोक देऊन दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला पाहिजे. सुरुवातीला धूर निघणारच, टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलसोबत ऑइल जळतं, पण गरम झाल्यावर तो विरळ व्हायला पाहिजे. पांढरा दाट धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल सारखं कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील) गेलंय, इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतंय. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं असेल तर उलटं होतं, धूर नाही पण बाहेरची हवा आत येते, थ्रॉटल सोडला तरी गाडी आपोआप रेस होते, आणि हे जास्त घातक, कारण पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडून पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. नुसतं सील स्वस्त आहे पण उजवीकडचं असो की डावीकडचं, मजुरी आणि बेअरिंगचं काम धरून बजेट ठेवा.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही. या इंजिनचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 मिलिमीटर. घासला की पाव मिलिमीटरनं वाढवत जातात, एक मिलिमीटरपर्यंत, त्याच्यापुढं पिस्टनच मिळत नाही, मग लेथवाल्याकडं जाऊन नवीन स्लीव्ह (सिलिंडरच्या आतलं नळकांडं) टाकावी लागते. मालकाला हेड खोलून दाखवायला सांगा, चारच नट असतात. पिस्टनच्या डोक्यावरचं कार्बन कापडानं पुसलं की 25, 50, 75 नाहीतर 100 असा आकडा दिसतो. काहीच नसेल, स्टँडर्ड असेल, तर ती गाडी माझ्या मते रंग उडालेली असली तरी जास्त पैशाची. 100 असेल तर भाव तिथल्या तिथं खाली आणा. हेड खोलू देत नाही म्हणाला तर तेही उत्तरच समजा.

तुमच्या गाडीबद्दल माझं स्पष्ट मत, आज घेऊ नका. मालकाला म्हणा, नूतनीकरण करून आण, आरसीवरच्या माणसाला समोर बसव, मग बोलू. टाकीला पोचा असलेली, सीट फाटलेली, पण एका हाताची आणि कागद चोख असलेली गाडी परभणी-जिंतूरकडं खेड्यात अजून सापडते, तिच्यासाठी थांबा.

प्रश्न: सर, माझे वडील शिक्षक होते, त्यांची हिरो होंडा सीडी 100 वाड्यात झाकून ठेवलेली आहे. ते गेल्यापासून कुणी चालवली नाही. मला ती चालू करून स्वतः चालवायचीय. घरचे म्हणतात भंगारात दे. काय करावं?
– एक वाचक भगिनी, औसा

उत्तर: ताई, भंगारात अजिबात देऊ नका. 97 सीसीचं हे होंडाचं फोर-स्ट्रोक इंजिन 1985 पासून आपल्याकडं आहे आणि जपानी गाड्यांमधलं सगळ्यात सोशीक म्हणावं असं. फक्त उत्साहाच्या भरात थेट किक मारू नका, बंद पडलेल्या सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो आणि कोरडी रिंग त्याच्यावर घासली की बोअरला ओरखडे पडतात. आधी प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक दिवस तसंच ठेवा. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवा. पिस्टन मोकळा फिरला की अर्धी लढाई जिंकलात. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, टाकीत टॉर्च मारून गंज बघा, कार्बोरेटर खोलून जेट साफ करून घ्या, इंजिन ऑइल बदला. टायर कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी नवेच टाका, रबर कडक झालेलं असतं, ब्रेक शू पण नवे.

कागदाचं म्हणाल तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 असतो, मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. नूतनीकरण राहिलं असेल तर ते पण सोबतच होईल, आरटीओत आधी विचारून कागद गोळा करा म्हणजे चकरा वाचतील. वडिलांची सही असलेलं जुनं आरसी बुक सापडलं तर त्याचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न: पहिलीच जुनी गाडी म्हणून राजदूत 350 घेतली तर?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: पहिली म्हणून नको. यामाहा आरडी 350 ची ही भारतीय आवृत्ती 1983 पासून इथं बनली, 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, हाय टॉर्क आणि लो टॉर्क अशा दोन प्रकारात. इंजिन जबरदस्त आहे, पण पुढचा ब्रेक ड्रम आहे, त्या वेगाला तो कमी पडतो. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवणं, पॉइंटचं टायमिंग लावणं यात हात बसलेला मिस्त्री पाहिजे, आणि असा मिस्त्री प्रत्येक जिल्ह्यात राहिलेला नाही. दोन-तीन वर्षं आरएक्स नाहीतर सुझुकी चालवा, स्वतः प्लग-कार्बोरेटर हाताळायला शिका, मग घ्या, तेव्हा तिची खरी मजा कळेल.

प्रश्न: जुनी गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवता येते का? आणि पंधरा वर्षांनी सरकार उचलून नेतं म्हणतात ते खरं का?
– एक वाचक, जालना

उत्तर: व्हिंटेजचा नियम 2021 ला आला, त्यात गाडी 50 वर्षांच्या वरची पाहिजे, आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. त्यामुळं आरएक्स, सीडी, राजदूत 350 सगळ्या साध्याच नोंदणीवर. उचलून न्यायचं ते पेट्रोलला पंधरा वर्षांचं प्रकरण दिल्ली आणि आसपासचं आहे, आपल्याकडं नूतनीकरण करून गाडी बिनधास्त चालवा. फक्त जुन्या गाडीला पण नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागते, ते विसरू नका.

प्रश्न: उन्हाळ्यात आमच्याकडं 42-43 पर्यंत पारा जातो. टू-स्ट्रोक सीझ होईल म्हणून भीती वाटते. ऑइल जास्त टाकू का? आणि हे इथेनॉलचं पेट्रोल चालतं का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर: आधी हे बघा की तुमच्या गाडीचा ऑइल पंप जागेवर आहे का. यामाहाचा ऑटोल्यूब पंप थ्रॉटल जेवढा उघडाल आणि इंजिन जेवढं फिरेल त्या हिशोबानं ऑइल सोडतो, पण बऱ्याच मिस्त्र्यांनी तो बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची सवय लावून दिलीय. पंप चांगला असेल तर तोच ठेवा. बंदच केलेला असेल तर लिटरला 25-30 मिली चांगलं 2टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, मोजून, अंदाजानं नाही. त्याच्यापेक्षा खूप जास्त टाकलं तर प्लग खराब होतो आणि सायलेन्सर कार्बननं भरतो, इंजिन काही थंड राहत नाही.

इथेनॉलमुळं दोन गोष्टी होतात. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची वॉशर फुगतात, तडकतात, ती नवीन टाकून घ्या. आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. शिवाय या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढून बघा. पारले बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक दिसला तर मिस्त्रीकडून मेन जेट एक नंबर मोठा टाकून घ्या. उन्हात लांब जायचं असेल तर पहाटे निघा, दर चाळीस-पन्नास किलोमीटरला गाडी सावलीत थांबवा.

प्रश्न: आरएक्स तयार झालीय. पहिली लांबची चक्कर कुठं मारू?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: दौलताबादच्या घाटातून खुलताबाद, तिथून वर म्हैसमाळ. अंतर फार नाही, काही बिघडलं तर ओढून आणता येईल, आणि चढाला गाडीचा खरा दम कळतो. श्रावणात सगळं हिरवं असताना गेलात तर बघायलाच नको. बीडकडच्या वाचकांनी मांजरसुंब्याहून पाटोदा, सौताडा हा रस्ता धरावा. एक मात्र लक्षात ठेवा, उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून नुसतं गिअरवर गाडी लांबवर सोडू नका. इंजिन जोरात फिरत राहतं आणि पेट्रोल बंद असल्यानं ऑइल नीट पोचत नाही. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या, मग परत सोडा. सोबत एक जादा प्लग, प्लगचा पाना, क्लचची वायर आणि ऑइलची बाटली. घरी आल्यावर गाडी थंड झाली की साखळीला तेल लावा आणि नट-बोल्टवर पाना फिरवून घ्या, टू-स्ट्रोकच्या थरथरीनं सायलेन्सरचे नट हमखास ढिले होतात.