रेडिओ प्रेषक शोधताना ग्राहक-यंत्रे कुठे ठेवावीत?

प्रश्न : अज्ञात रेडिओ प्रेषकाचे (लहरी सोडणाऱ्या यंत्राचे) स्थान शोधताना तीन उत्तम ग्राहक (लहरी पकडणारी यंत्रे) वापरूनही उत्तर बरेच चुकते. हा त्यांच्या मांडणीचा दोष असू शकतो का?

उत्तर : होय, आणि अनेकदा तोच मुख्य दोष असतो. दिशामापनातील १ अंशाची चूक १० किलोमीटरवर सुमारे १७५ मीटरची होते. दोन दिशारेषा (ग्राहकांपासून प्रेषकाच्या दिशेने काढलेल्या रेषा) काटकोनात छेदत असतील तर ती साधारण तेवढ्यावर थांबते, परंतु त्या जवळजवळ समांतर असतील तर छेदनबिंदू रेषांच्या दिशेने कितीतरी दूर सरकतो. लहरी पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून स्थान काढतानाही हेच घडते. रेडिओ लहरी १ मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातात, म्हणून ग्राहकांची घड्याळे अचूक जुळलेली हवीतच. पण प्रेषक ग्राहकांच्या त्रिकोणाबाहेर दूर असेल, तर वेळेतील तीच सूक्ष्म चूक अंतराच्या अंदाजात अनेक पटींनी वाढते, दिशा मात्र बऱ्यापैकी बरोबर येते. तिन्ही ग्राहक एका रेषेत ठेवणे कटाक्षाने टाळावे, कारण मग रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच बसणारी दोन उत्तरे मिळतात. शक्यतो शोधक्षेत्राला वेढणारी मांडणी करावी. माझ्या मते अधिक महाग ग्राहक घेण्यापेक्षा मोकळ्या बाजूला, उंचावर, इमारतींच्या परावर्तनापासून दूर ठेवलेला चौथा साधा ग्राहक जास्त उपयोगी ठरतो.