स्पर्धा परीक्षेचा बरोबरीने अभ्यास करूनही मित्राची पोस्ट निघाली, माझी दोन मार्कांनी हुकली. मग सगळं नशिबावरच असतं का?

सगळं नाही. पण यशस्वी माणसं मुलाखतीत सांगतात त्याहून बरंच जास्त असतं.

सटवाईने कपाळावर लिहिलेलं नशीब मी मानत नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी मात्र मानतो, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्याच वेळी रांगेत दुसरं कोण उभं आहे.

मुंबईचे पद्माकर शिवलकर आठवा. डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध चेन्नईच्या चेपॉक मैदानावर त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. कसोटी सामने किती? शून्य. हरियाणाचे राजिंदर गोयलही डावखुरे फिरकीपटूच. रणजीत ६३७ बळी, आणि त्यांचंही कसोटीच्या रकान्यात शून्य. कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते आणि संघात त्या प्रकारच्या गोलंदाजाला जागा एकच होती. बेदी थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण शिवलकरांनी आणखी काय करायला हवं होतं, हे मला कोणी सांगावं!

माझं म्हणणं एवढंच की स्पर्धा जितकी चुरशीची, तितका नशिबाचा वाटा वाढतो. सगळेच तयारीचे असले की निकाल कुठल्यातरी बारीकशा गोष्टीवर फिरतो. तुम्ही चाळीस मार्कांनी मागे असता तर मी अभ्यासाबद्दल बोललो असतो. दोन मार्क म्हणजे एखादा प्रश्न आदल्या रात्री डोळ्यांखालून गेला की नाही, एवढाच फरक.

आणि एकाचं नशीब उघडतं तेव्हा पुष्कळदा दुसऱ्याचं फुटलेलं असतं. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारताची सलामीवीर प्रतिका रावलने न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलं. पुढच्याच सामन्यात, बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना ती जायबंदी झाली. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावलं, जी मूळ संघातही नव्हती आणि राखीव यादीतही नव्हती. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामनावीर ठरली. (संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही ते स्वतः भारताकडून एकदाही खेळले नव्हते.) शफालीला बोलावणं आलं ते नशिबाने. पण संघाबाहेर असतानाही ती देशांतर्गत सामने खेळत होती, म्हणून त्या दिवशी बॅट चालली. प्रतिकाचं काय चुकलं होतं? काहीच नाही.

म्हणून स्वतःला दोष देऊ नका, आणि मित्राचा रागही धरू नका. आणखी किती प्रयत्न करायचे, हे मात्र आजच, डोकं शांत असताना ठरवून घरी सांगून टाका. पुन्हा दोन मार्कांनी गेलं तर ‘आता थोडक्यात राहिलंय’ म्हणत माणूस वर्षानुवर्षं अभ्यासिकेतच अडकतो. सोबत एखादी दुसरी भरती, नोकरी, काहीतरी चालू ठेवा. मुख्य परीक्षेचा बराचसा अभ्यास तिथेही उपयोगी पडेल.